अजिंठ्याच्या प्रतिकृती

मूळ कलाकृती आणि तिची प्रतिकृती ह्यांच्या मोलाचा प्रश्न निघाला, की आपण मूळ कृतीच्या बाजूने कौल देऊन मोकळे होतो. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा इतिहास पाहता हा कौल वाटतो तितका सोपा नाही.

१८१९ साली ही लेणी इंग्रजांच्या दृष्टीस पडली. पुढे रॉबर्ट गिल ह्याने तेथे वर्षानुवर्षे राहून चित्रांच्या प्रती रंगविल्या. त्यांपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. १८७२ ते १८८५ ह्या काळात मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स व त्यांचे विद्यार्थी ह्यांनी तेच काम पुन्हा केले. त्यांच्याही पुष्कळ प्रती १८८५ साली साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. सुमारे दीड हजार वर्षांची भिंत उरली, आणि तिच्या स्मरणार्थ रंगविलेली कापडे राख झाली.

परंतु नकलेचे ऋण भिंतीवरही राहिले. चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून त्यांवर व्हार्निश फासले गेले. ते काळवंडले, तेव्हा १९२० ते १९२२ मध्ये निजाम सरकारने चेक्कोनी व ओर्सिनी ह्या इटालियन तज्ज्ञांस पाचारण केले. पण त्यांनी दिलेला लाखेचा लेपही पुढे पिवळा पडला. म्हणजे आज आपण ज्यास मूळ म्हणतो, तेही चित्रकाराने हात आवरला त्या दिवसाचे राहिलेले नाही.

मग नकलेचे मोल काय? ग्रिफिथ्स ह्यांच्या प्रती कापडावर तैलरंगात आहेत. कोरड्या गिलाव्यावरील मूळ रंगाचा पोत त्यांत यावा कसा? १९०९ ते १९११ च्या सुमारास लेडी हेरिंगहॅम ह्यांच्यासमवेत नंदलाल बोस, असितकुमार हालदार आणि हैदराबादचे सय्यद अहमद ह्यांनी केलेल्या प्रतींचा बाज निराळाच. प्रत्येक प्रतीत अजिंठ्याबरोबर नकलकाराचा काळही उतरला आहे. तथापि ह्या प्रतींनी स्वतःस मूळ म्हणवून घेतले नाही. बनावट कृती आपला कर्ता लपविते. प्रामाणिक प्रतिकृती तो सांगते. दोहोंतला खरा भेद हाच होय.

गिलाव्याचा जो तुकडा त्यानंतर गळून पडला, त्याची साक्ष आता ह्या प्रतीच देतात. मूळ रेषेतील प्राण त्यांत नसेल. परंतु ती रेषा तेथे होती, हे सांगणारे दुसरे कोणी उरलेले नाही. अशा साक्षीदारास केवळ नक्कल म्हणून दूर सारणे हा कृतघ्नपणा ठरेल.