महादेव घाट, रायपूर

महादेव घाट हा छत्तीसगडची राजधानी रायपूरच्या नैर्ऋत्येस खारून नदीकाठी वसलेला ऐतिहासिक घाट होय. येथील हटकेश्वर महादेव मंदिर इ.स. १४०२ मधील मानले जाते. रायपूरचे कलचुरी राजे ब्रह्मदेव यांच्या काळात हाजिराज नाईक याने ते उभारल्याचा संस्कृत शिलालेख असून तो शहरातील महंत घासीदास संग्रहालयात आहे. कार्तिक पौर्णिमेला येथे ‘पुन्नी मेळा’ भरतो.

खारून पुढे शिवनाथ नदीस व शिवनाथ महानदीस मिळते. रेल्वे येण्यापूर्वी महानदीतून होड्यांची ये-जा चाले आणि पाणी भरपूर असताना त्या रायपूरनजीकच्या आरंगपर्यंत येत. आज घाटावर बांधीव पायऱ्या, झुलता पूल व नौकाविहार आहे. मालवाहतूक मात्र इतिहासजमा झाली.

घाटाचे खरे दुखणे पाण्याचे आहे. उन्हाळ्यात खारूनचा प्रवाह क्षीण होतो. तेव्हा धमतरीजवळील गंगरेल धरणाचे पाणी महानदी कालव्यातून नदीत सोडले जाते व घाटाच्या वरच्या अंगास, भाठागाव बंधाऱ्यापाशी, शहरासाठी उचलले जाते. म्हणजे ज्या कालव्यांची आखणी ब्रिटिश काळात भातशेतीसाठी झाली, त्यांच्यावरच राजधानीची तहान भागते. बंधाऱ्याखाली नदीत शहराचे सांडपाणी मिसळते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत खारूनचा समावेश झालेला आहे. पायऱ्या दुरुस्त झाल्या, तरी स्नानासाठी येणाऱ्या भाविकांना पाणी मिळते ते हेच.