दशावताराचे थेट प्रक्षेपण, ध्वनिचित्रमुद्रण आणि प्रोसेसरवरील भार : एक ऐतिहासिक मागोवा

प्रास्ताविक

सिंधुदुर्ग जिल्ह्यात, विशेषतः मालवण, कुडाळ, वेंगुर्ले व सावंतवाडी या परिसरात, कार्तिक महिन्यापासून जत्रांचा हंगाम सुरू होतो आणि देवळापुढील मांडवात दशावतारी नाटके पहाटेपर्यंत रंगतात. वालावलकर, पार्सेकर, मोचेमाडकर, आजगावकर, खानोलकर अशा नाट्यमंडळांनी ही परंपरा टिकवून धरली आहे. या नाट्यप्रकाराचे एक वैशिष्ट्य प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने निर्णायक ठरते. आख्यानाचा आराखडा ठरलेला असला, तरी संवाद नट रंगमंचावरच रचतो. लिखित संहिता हाती नसते. त्यामुळे एखाद्या रात्री झालेल्या प्रयोगाचे मुद्रण हीच त्या प्रयोगाची एकमेव संहिता होय. मार्च २०२० मधील टाळेबंदीने जत्रांचा हंगाम अर्ध्यावर तुटला आणि दशावताराचे ऑनलाइन प्रयोग होऊ लागले. मुंबईतील चाकरमान्यांना गावची नाटके घरबसल्या दाखविणे आणि तीच नाटके जपून ठेवणे, ही दोन्ही कामे तेव्हापासून बहुधा एकाच संगणकावर येऊन पडली. या दोन कामांत प्रोसेसरची जी ओढाताण होते, तिचा इतिहास तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

चित्रफितीचा काळ

दूरदर्शनचे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या ॲनालॉग तंत्रात प्रक्षेपण व मुद्रण यांचा परस्परांवर भार पडत नसे. कॅमेऱ्याकडून आलेला विद्युत संकेत, बागायतीतील पाटाचे पाणी दोन दांडांत सोडावे तसा, दोन वाटांनी जाई. एक वाट प्रक्षेपकाकडे, दुसरी फीत मुद्रित करणाऱ्या यंत्राकडे. अडचण होती ती फितीच्या किमतीची. फिती महाग असल्याने त्या पुसून पुन्हा वापरल्या जात आणि अनेक कार्यक्रम प्रक्षेपित होऊनही उरले नाहीत. थोडक्यात, प्रक्षेपणासाठी जतनाचा बळी देण्याची रीत संगणकाने सुरू केलेली नाही. संगणकाने तिचे कारण तेवढे बदलले.

आकुंचनाचे गणित

हे कारण समजण्यासाठी थोडी आकडेमोड अपरिहार्य आहे. १९२० गुणिले १०८० बिंदूंची एक चौकट नेहमीच्या रंगपद्धतीने साठविल्यास सुमारे ३१ लाख बाइट लागतात. सेकंदाला २५ चौकटी धरल्यास हा ओघ सेकंदाला सुमारे ६२ कोटी बिट इतका होतो. इंटरनेटवरून त्याच आकाराचे थेट प्रक्षेपण करताना साधारणतः ४० ते ६० लाख बिट एवढीच जागा दिली जाते. म्हणजे चित्र शंभराहून अधिक पटींनी आकुंचित करावे लागते, आणि तेही सरासरीने दर ४० सहस्रांश सेकंदाला एक चौकट या गतीने.

या आकुंचनाच्या मुळाशी असलेली डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म ही गणिती पद्धत बंगळूरमध्ये जन्मलेले नसीर अहमद यांनी टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्या आधारावर पुढील प्रमाणे घडत गेली आणि २००३ मध्ये एच.२६४ हे प्रमाण आले. त्याने चित्राचा आकार पुष्कळ घटविला, परंतु प्रत्येक चौकटीची मागच्या-पुढच्या चौकटींशी तुलना करण्याचे श्रम वाढविले. प्रोसेसरची घड्याळगती वाढवीत नेण्याचा मार्ग उष्णतेमुळे २००४ च्या सुमारास खुंटला होता. २००५ पासून घरगुती संगणकांत दोन गाभ्यांचे प्रोसेसर येऊ लागले, आणि हे श्रम वाटून घेण्याची सोय झाली. २०११ मध्ये इंटेलने क्विक सिंक आणि २०१२ मध्ये एनव्हिडियाने एनव्हीएन्क या नावाने आकुंचनासाठी स्वतंत्र मंडल चिपमध्येच बसविले. ओबीएस हे विनामूल्य सॉफ्टवेअरही २०१२ मधलेच. गावोगावच्या मांडवांपर्यंत प्रक्षेपण पोहोचविण्यात त्याचा वाटा मोठा आहे.

मांडवातील वास्तव

दशावताराचा पारंपरिक रंगमंच आकुंचनाला अत्यंत सोयीचा आहे, ही बाब काहीशी गमतीची वाटते. मागे पडदा, पुढे सिंहासन म्हणून एक बाकडे; कॅमेरा तिकाटण्यावर स्थिर असला की चौकटीचा बराच भाग बदलतच नाही. युद्धप्रसंगातील गिरक्या मात्र भार वाढवितात. सर्वाधिक कसोटी लागते ती अलीकडच्या ट्रिकसीनयुक्त नाटकांत. धूर, लुकलुकणारे रंगीत दिवे आणि अंधार यांत एक चौकट दुसरीशी जुळत नाही. अपुऱ्या प्रकाशात लहान कॅमेऱ्याच्या चित्रात येणारे कणही प्रोसेसरला हालचालच भासतात. परिणामी प्रेक्षक ज्या क्षणाची वाट पाहतात, नेमक्या त्याच क्षणी चौकटी गळतात. आवाज पुढे जातो, चित्र अडखळते.

येथे दोन प्रकारच्या गळतीत भेद करणे आवश्यक आहे, आणि व्यवहारात तो क्वचितच केला जातो. इंटरनेट मंदावल्याने प्रक्षेपणातील चौकटी गळल्या, तर डिस्कवरील मुद्रण अबाधित राहते. प्रोसेसरच थकला तर ज्या चौकटी आकुंचित झाल्याच नाहीत, त्या कोठेही उरत नाहीत. पहिल्या प्रकारात नेटवर्कला दोष द्यावा. दुसऱ्यात नेटवर्क बदलून काहीही साध्य होत नाही.

भार सावरण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे प्रक्षेपणासाठी केलेले आकुंचनच मुद्रणासाठीही वापरणे. एकच काम, दोन ठिकाणी पाठवणी. परंतु त्यामुळे त्या रात्री मोबाइलच्या मनोऱ्याला जेवढे झेपले, तेवढेच पुढील पिढीच्या हाती लागते. शंखासुराच्या काळ्या वेषातील घड्या, स्त्रीपार्टी नटाच्या डोळ्यांतील भाव हे अभ्यासकाला हवे असलेले तपशील याच आकुंचनात पहिल्यांदा पुसले जातात. दुसरा उपाय दोन स्वतंत्र आकुंचने करण्याचा. प्रोसेसरवरच दोन्ही लादल्यास भार जवळपास दुप्पट होतो, म्हणून त्यांतील एक स्वतंत्र मंडलाकडे सोपविणे इष्ट. त्यासोबत प्रक्षेपण १२८० गुणिले ७२० बिंदूंवर उतरविल्यास त्याचे बिंदू निम्म्याहूनही कमी होतात. आकुंचनाची ‘व्हेरीफास्ट’सारखी वेगवान पातळी निवडल्यास श्रम घटतात, मात्र त्याच दर्जासाठी अधिक बिट खर्च होतात. डिस्कवर जागा मुबलक असते. त्यामुळे ही किंमत मुद्रणाने आनंदाने द्यावी. प्रस्तुत लेखकाच्या मते भार असह्य झाल्यास कात्री प्रक्षेपणाला लागावी, मुद्रणाला नव्हे. आयोजकांचा कल बहुधा याच्या उलट असतो, कारण प्रक्षेपण बिघडल्याची तक्रार तत्क्षणी येते. मुद्रण बिघडल्याची तक्रार करणारा प्रेक्षक अजून जन्मालाही आलेला नसतो.

संचिकेच्या स्वरूपाचा प्रश्नही याच ओघात येतो. नेहमीच्या एमपी४ संचिकेची अनुक्रमणिका मुद्रण थांबविल्यानंतर लिहिली जाते. मध्यरात्री वीज गेली वा संगणक गोठला, तर चार तासांचे मुद्रण उघडतच नाही. एमकेव्ही स्वरूपात तोपर्यंतचा भाग शाबूत राहतो. ओबीएसने २०२४ मध्ये एमपी४चाही असाच सुरक्षित प्रकार उपलब्ध केला. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळाने विजेचे खांब कोसळलेले पाहिलेल्या या किनाऱ्यावर हा फरक किरकोळ म्हणता येत नाही. तासातासाचे तुकडे पाडून मुद्रण केल्यास एका बिघाडात एकच तुकडा जातो, आणि पहाटे दहीकाला आटोपल्यावर, सामान आवरण्यापूर्वी, प्रत्येक तुकडा उघडून पाहता येतो.