वीजपुरवठा देखरेख उपक्रम (ईएसएमआय)

ग्राहकाच्या घरातले व्होल्टेज दर मिनिटाला नोंदवून ती माहिती सर्वांसाठी खुली करणारा भारतीय प्रकल्प. पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेच्या ऊर्जा गटाने २००७ मध्ये त्याची प्राथमिक चाचणी घेतली; २०१४ पासून तो उत्तर प्रदेशासह अनेक राज्यांत शेकडो ठिकाणी पोहोचला.

उपकरण छोटे असते. ते घरातल्या साध्या प्लगमध्ये बसवायचे. ते व्होल्टेज मोजते आणि मोबाइलच्या जाळ्यावरून नोंदी मध्यवर्ती सर्व्हरला पाठवते.

याची गरज हिशेबाच्या पद्धतीतून निर्माण झाली. वितरण कंपन्या पुरवठा किती वेळ खंडित झाला ते बहुधा ११ केव्ही फीडरवर मोजतात. समजा, लखनौच्या निशातगंजमध्ये जूनच्या रात्री एका गल्लीचे रोहित्र जळाले. गल्ली अंधारात जाते, फीडर मात्र चालूच राहतो, आणि कागदोपत्री पुरवठा अखंड ठरतो. २३० व्होल्टऐवजी १७० मिळू लागले, तर लाइट गेलेली नसते, पण पंखा रेंगाळतो आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना अडखळतो. प्लगवरच्या मिनिटागणिक नोंदीत या दोन्ही गोष्टी सापडतात.

या नोंदी हार्वर्ड डेटाव्हर्स या भांडारात ठेवल्यामुळे कोणताही संशोधक त्या उतरवून घेऊन स्वतःचे गणित मांडू शकतो. हवामानविषयक अभ्यासालाही त्या उपयोगी पडतात. जिथे वीज वारंवार जाते तिथला नोंदलेला वापर हा खऱ्या मागणीपेक्षा कमी असतो. उरलेली गरज इन्व्हर्टर किंवा डिझेल जनरेटर भागवतात. असा आकडा जसाच्या तसा धरला, तर भविष्यातील मागणी आणि उत्सर्जन दोन्हींचे अंदाज चुकतात.

असे अंदाज बांधण्यासाठी प्रयासने ‘रुमी’ हा मुक्तस्रोत मंच आणि त्यावर उभारलेले ‘पिअर’ हे भारताचे ऊर्जा-प्रतिमानही खुले केले आहे. त्यातली गृहीतके तपासता येतात, बदलून निकाल पुन्हा काढता येतात. जगात ‘ओसेमोसिस’ हे प्रतिमान याच वाटेवरचे. युरोपातील ‘ओपनमॉड’ हा संशोधकगट २०१४ पासून अशाच खुलेपणाचा पाठपुरावा करतो.

उपक्रमाला मर्यादाही आहेत. ठिकाणे निवडक असल्याने त्यांवरून अख्ख्या शहराची सरासरी काढता येत नाही. शिवाय घरातलाच फ्यूज उडाला, तरी नोंदीत वीज गेलेली दिसू शकते. म्हणून आसपासच्या उपकरणांच्या नोंदी ताडून पाहाव्या लागतात.