गरम हवेला वाट

हार्बर लाइन जून १९९८मध्ये पनवेलपर्यंत पोहोचली आणि खांदेश्वर, खांदा कॉलनी, कामोठे या नवी मुंबईच्या पट्ट्यात घर घेणं मुंबईत नोकरी करणाऱ्याला परवडू लागलं. घरं लहान होती. हॉलमध्ये दिवाण, शोकेस आणि कपाट लागलं की एखादा कोपरा उरायचा. पुढच्या काही वर्षांत अनेक घरांनी तो कोपरा कॉम्प्युटरला दिला. टेबलाच्या कप्प्यात उभं कॅबिनेट, वर फुगीर मॉनिटर आणि धूळ बसू नये म्हणून दोन्हींवर प्लॅस्टिकचं कव्हर. कॅबिनेटची पाठ भिंतीला टेकलेली असायची. पंख्याने बाहेर टाकलेली गरम हवा त्याच कप्प्यात घुटमळायची आणि पुन्हा आत खेचली जायची.

आज तेच काम करणारं, किंबहुना शेकडो पटींनी वेगवान यंत्र बुटांच्या खोक्याएवढ्या कॅबिनेटमध्ये बसतं. पण प्रोसेसरवरचा कूलर त्यात बसेल का, झाकण लागेल का, आणि लागलंच तर आतली हवा बाहेर कशी जाईल, यावर जोडणी करणाऱ्याचे तासन् तास जातात. महाराष्ट्रात कॉम्प्युटर आला तेव्हापासून त्याच्या उष्णतेचा प्रश्न त्याच्यासोबत आहे. आधी तो इमारतीपुढे होता, नंतर खोलीपुढे आला आणि आता मिलिमीटरांत मोजला जातो.

त्याची सुरुवात मुंबईच्या दुसऱ्या टोकाला झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालच्या तरुण चमूने पूर्ण आकाराचा कॉम्प्युटर बांधला. तो फेब्रुवारी १९६०मध्ये कामाला लागला आणि जानेवारी १९६२मध्ये पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफरॅक’ हे नाव दिलं. त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह, म्हणजे निर्वात नळ्या, होते. त्या काळच्या सर्वसाधारण व्हॉल्व्हचं फिलामेंट दीड-दोन वॅट खायचं, म्हणजे एकही आकडेमोड होण्याआधी नुसती फिलामेंट तापवण्यातच चार-पाच किलोवॅट जाणार. यंत्राचा मुख्य सांगाडा १८ फूट लांब आणि ८ फूट उंच पोलादी रॅकचा होता. त्याची स्मृती होती २,०४८ शब्दांची. एवढी उष्णता हटवायची तर विचार अख्ख्या खोलीचा करावा लागतो. १९६४मध्ये संस्थेत अमेरिकेहून सीडीसी ३६०० हा कॉम्प्युटर आला. मोठ्या संस्थांच्या कॉम्प्युटर-खोल्यांची रीत पुढची कित्येक वर्षं तीच राहिली: वातानुकूलित दालन, आत थंडगार यंत्र आणि दाराशी काढलेल्या चपला. माणसांना पंखा मिळो न मिळो, यंत्राला एसी हवाच.

ही रीत मोडली ती बाजाराने. नोव्हेंबर १९८४च्या कॉम्प्युटर धोरणाने सुट्या भागांची आयात सोपी केली आणि पीसी जुळवणं हा धंदा झाला. मुंबईत त्याचं ठिकाण म्हणजे लॅमिंग्टन रोड. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचं नाव या रस्त्याला होतं. पुढे तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झाला, पण बाजाराने जुनंच नाव चालवलं. नाझ बिल्डिंगमधली चित्रपट वितरकांची कार्यालयं, ज्या मिनर्व्हात ‘शोले’ पाच वर्षं चालला ते थिएटर, आणि त्याच रस्त्यावर रेडिओपासून कॉम्प्युटरपर्यंतच्या सुट्या भागांची दुकानं. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आणि कॅबिनेट यांची यादी कागदावर लिहायची, दोन-चार दुकानांत भाव काढायचा आणि संध्याकाळपर्यंत ‘असेंबल्ड’ मशीन तयार. खांदेश्वरचा माणूस हार्बरने सँडहर्स्ट रोडला उतरून तिथे जाऊ शकत होता. परतीला मात्र मॉनिटरचं खोकं घेऊन लोकलमध्ये चढणं हे वेगळंच दिव्य होतं.

या यादीत कूलर नसे. तो प्रोसेसरच्या खोक्यातच यायचा, नाहीतर दुकानदार हाताला लागेल तो बसवून द्यायचा. त्यात वावगं काही वाटत नव्हतं, कारण उष्णता थोडी होती. ४८६च्या बऱ्याच चिपा नुसत्या उघड्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या छोट्या हीट सिंकवर चालत. १९९३चा पहिला पेंटियम पंधरा वॅटच्या आसपास गेला आणि प्रोसेसरवर पंखा ही नित्याची गोष्ट झाली. २००१मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालं, एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि गावोगावी एकेका खोलीत रांगेने अशी मशीनं लागली. उंच, पोकळ, स्वस्त पत्र्याचं कॅबिनेट हाच सगळीकडचा शिरस्ता. आतली बरीचशी जागा रिकामी असायची आणि ती रिकामी जागाच अनेक चुका पोटात घालायची.

मग चिपा तापू लागल्या. एएमडीच्या २०००च्या थंडरबर्ड अ‍ॅथलॉनवर वरचं धातूचं आवरण नव्हतं, सिलिकॉन उघडं होतं. कूलरची क्लिप स्क्रूड्रायव्हरने दाबून अडकवावी लागे. हात घसरला तर मदरबोर्डवर ओरखडा, कूलर तिरका टेकला तर सिलिकॉनचा कोपरा उडालेला. २००१मध्ये टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाच्या चाचणीत चालू अ‍ॅथलॉनवरचा कूलर काढताच चिप काही क्षणांत जळाली आणि धूर निघाला. पेंटियम ४ मात्र वेग कमी करून वाचला. जोडणीच्या धंद्यात कूलर हा स्वतंत्र, मान देण्याजोगा भाग ठरला तो याच सुमाराला.

फेब्रुवारी २००४मध्ये इंटेलचा ‘प्रेस्कॉट’ प्रोसेसर आला आणि पुढच्या काही महिन्यांत त्याच्या वरच्या आवृत्त्या ११५ वॅटपर्यंत पोहोचल्या. त्याच वर्षी एलजीए ७७५ सॉकेटसोबत चार पुश पिनांचा गोल कूलर आला. समोरासमोरच्या पिना जोडीजोडीने दाबायच्या आणि प्रत्येकीचा ‘टक’ आवाज ऐकायचा, हे त्या काळच्या प्रत्येक जोडणी करणाऱ्याला माहीत आहे. एक पिन अर्धवट राहिली की मशीन दुपारी आपोआप बंद पडायचं आणि गिऱ्हाईक व्हायरसला दोष द्यायचं.

इंटेलने यावर मुळातून उपाय काढला होता. बीटीएक्स नावाच्या रचनेत पुढच्या पंख्याची हवा सरळ रेषेत आधी प्रोसेसरवर आणि मग बाकी भागांवर जायची. विचार अगदी योग्य होता. १९९५च्या एटीएक्स रचनेत प्रोसेसर बसतो तो कोपरा शंभर वॅटसाठी कधीच आखलेला नव्हता. पण मदरबोर्ड आणि कॅबिनेट दोन्ही बदला, असं बाजाराला सांगणं सोपं नसतं. २००६मध्ये कमी तापणारा कोअर २ ड्युओ आला, निकड संपली आणि बीटीएक्स मागे पडलं. आज लहान कॅबिनेटमध्ये कूलर कोंबताना जी कसरत होते, तिचं मूळ या अर्धवट सोडलेल्या सुधारणेत आहे.

पंख्याशिवाय, गरम हवा आपोआप वर जाते एवढ्याच नियमावर भागेल का? नवी मुंबईच्या संदर्भात हा प्रश्न विचारण्यासारखा आहे, कारण १९७० ते १९७५ या काळात या शहराचे मुख्य वास्तुविशारद असलेले चार्ल्स कोरिया यांनी घरांच्या बाबतीत तो आधीच सोडवून पाहिला होता. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदाबादसाठी त्यांनी ‘ट्यूब हाउस’ आखलं. सुमारे साडेतीन मीटर रुंदीचं चिंचोळं घर, उतरतं छप्पर, तापलेली हवा छपराच्या कडेने चढून वरच्या झरोक्यातून निघून जाणार आणि खालून ताजी हवा आत येणार. अल्प उत्पन्न गटाच्या घरासाठी ही फार मोलाची सुज्ञता होती. पण ती चालते उंचीच्या जोरावर. गरम हवेचा स्तंभ जितका उंच, तितका ओढा जास्त. वीत-दीड वीत उंचीच्या कॅबिनेटमध्ये हा ओढा अगदी क्षीण असतो. अ‍ॅपलने जुलै २००० मध्ये जी४ क्यूब हा कॉम्प्युटर पंख्याविना, मधल्या धुराड्यासारख्या पोकळीच्या भरवशावर बाजारात आणला. दिसायला देखणा, पण त्यात अधिक तापणारी चिप घालायला वाव नव्हता आणि वर्षभरातच त्याची विक्री थांबली.

लहान यंत्राला खरा आधार मिळाला तो हीट पाइपचा. १९६३मध्ये अमेरिकेतल्या लॉस अ‍ॅलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ही नळी सिद्ध केली आणि तिचा पहिला मोठा उपयोग अंतराळयानांत झाला. कॉम्प्युटरच्या कूलरमध्ये ती तांब्याची असते, आतली हवा काढून थोडंसं पाणी भरलेली. चिपेकडच्या टोकाला पाण्याची वाफ होते, वाफ थंड टोकाला जाऊन निवते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून पाणी परत येतं. उष्णता जिथे तयार होते तिथेच हवेत सोडण्याची सक्ती संपली. तैवानच्या शटल कंपनीने २००१-०२मध्ये आपल्या चौकोनी छोट्या पीसीत हेच केलं: प्रोसेसरची उष्णता नळ्यांनी पाठीमागच्या पंख्यापर्यंत नेली आणि थेट बाहेर सोडली. त्याच सुमाराला, २००१मध्ये, व्हिया कंपनीने १७ बाय १७ सेंटिमीटरचा मिनी-आयटीएक्स बोर्ड पुढे आणला. आजची लहान कॅबिनेटं उभी आहेत ती याच मापावर.

त्यानंतरची स्पर्धा उंचीची. ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआचा एनएच-डी१५ हा २०१४चा मोठा कूलर १६५ मिलिमीटर उंच आहे, तर त्याच कंपनीचा एनएच-एल९आय पंख्यासकट ३७ मिलिमीटर. हा ठेंगणा कूलर ९५ बाय ९५ मिलिमीटरच्या आत राहतो, त्यामुळे शेजारच्या रॅमला धक्का लागत नाही. २०१६मध्ये लोकवर्गणीतून आलेल्या डॅन ए४ कॅबिनेटचं आकारमान अवघं ७.२ लिटर, आणि कूलरसाठी जागा ४८ मिलिमीटर. उलट २०२०चं कूलर मास्टर एनआर२०० साडेअठरा लिटरच्या आतबाहेर असूनही १५५ मिलिमीटरपर्यंतचा कूलर घेतं. दहा-अकरा लिटरच्या फरकात कामाचं स्वरूपच बदलतं. डॅन ए४मध्ये जोडणीचा क्रमसुद्धा उलटा करावा लागतो. एनएच-एल९आय मदरबोर्डच्या मागून स्क्रू लावून बसतो, म्हणून तो बोर्ड कॅबिनेटमध्ये जाण्याआधीच बसवायचा. मग एसएमपीएसच्या जाड वायरी पंख्यासमोर येणार नाहीत अशा वळवायच्या. एसएफएक्स मापाचा एसएमपीएस जेमतेम साडेबारा सेंटिमीटर रुंद असतो, पण त्याच्या वायरी लवचीक नसल्या तर वाचवलेली सगळी जागा त्याच खातात.

उंची जमली तरी हवा जमतेच असं नाही. ठेंगणा कूलर हवा वरून खाली, बोर्डकडे फेकतो. पंखा आणि जाळीदार झाकण यांच्यात बोटभर फट राहिली तर पंखा बाहेरची ताजी हवा ओढण्याऐवजी आतलीच गरम हवा पुन्हा गिळतो. ती फट फोमच्या पट्टीने बंद केली की तापमान लक्षात येण्याइतकं उतरतं.

खांदेश्वरला आणखी एक गोष्ट जमेस धरावी लागते. कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त खोलीच्या वर किती अंश, एवढंच ठरवतो. युरोपातल्या २२ अंशांच्या खोलीत ७५ अंशांवर टिकणारी जोडणी पनवेलच्या मे महिन्यात, पंखा चालू असलेल्या ३५ अंशांच्या खोलीत ८८च्या आसपास जाते. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांना स्वतःचा वेग कापतात. त्यात धुळीची भर. कळंबोलीचा लोखंड-पोलाद बाजार आणि त्याचे ट्रक, आसपासच्या खडीच्या खाणी, विमानतळासाठी कापलेली उलव्याची टेकडी. पावसाळ्यात हीच धूळ ओलसर होऊन कूलरच्या पातळ पात्यांत घट्ट बसते आणि नुसत्या ब्लोअरने निघत नाही, ब्रश घ्यावा लागतो. म्हणून या हवेत प्रोसेसर निवडताना खोक्यावरचा ६५ वॅटचा आकडा पुरेसा नाही. इंटेलचा आय५-१२४०० मूळ ६५ वॅटचा असला तरी जोरात चालताना ११७ वॅटपर्यंत जाऊ शकतो. ३७ मिलिमीटरच्या कूलरखाली तो ठेवायचा तर बायोसमध्ये जाऊन मर्यादा घालणं हेच शहाणपण.

त्याच पनवेल तालुक्यात जुलै २०२०मध्ये योट्टाचं ७,२०० रॅकचं डेटा सेंटर सुरू झालं. टिफरॅकच्या काळातली रीत, म्हणजे यंत्रासाठी अख्खी इमारत थंड करण्याची, तिथे मेगावॅटच्या मापाने चालू आहे. टाळेबंदीच्या त्याच महिन्यांत खांदा कॉलनीतल्या हॉलच्या कोपऱ्यात शाळा, ऑफिस आणि गेम एकाच मशीनवर येऊन बसले होते.

खटकणारी गोष्ट किमतीची आहे. लहान कॅबिनेट, मिनी-आयटीएक्स बोर्ड आणि एसएफएक्स एसएमपीएस हे तिन्ही आपल्या मोठ्या भावंडांपेक्षा महाग पडतात. दुसरीकडे लहान घरांची भर पडतेच आहे: ऑक्टोबर २०२४मध्ये सिडकोने २६,००० घरांची योजना जाहीर केली, त्यात खांदेश्वर स्थानकाजवळचीही घरं आहेत. ज्यांच्याकडे जागा सर्वांत कमी, त्यांच्याचसाठी जागा वाचवणारं यंत्र सर्वांत दुर्मीळ आहे, आणि हे बदलायला हवं. सध्या या पैशांचा हिशेब बसवायला मदत होते ती कूलरच्या दीर्घायुष्याची. प्रोसेसर बदलला तरी चांगला कूलर पुढच्या मशीनला लागतो. एएमडीचा २०१६चा एएम४ सॉकेट आणि २०२२चा एएम५ यांची कूलरची भोकं जुळतात, त्यामुळे बरेच जुने कूलर नव्या बोर्डवर चढतात. नेमका मागून स्क्रू लागणारा ठेंगणा एनएच-एल९ए, म्हणजे एनएच-एल९आयचा एएमडीसाठीचा भाऊ, मात्र चढत नाही, कारण एएम५ची मागची पट्टी सॉकेटचाच भाग आहे आणि ती काढता येत नाही. त्यासाठी नॉक्टुआला वरून स्क्रू लागणारी वेगळी आवृत्ती काढावी लागली. जुना कूलर विकत घेणाऱ्याने खोक्यावर एएम४ लिहिलं आहे की एएम५, हे पैसे देण्याआधी बघून घ्यावं.