बांगलादेशाने मुलींना शाळेत कसे आणले?



"परिस्थिती बेताची, मुलीला कुठवर शिकवायचे?" हा प्रश्न पालकसभेत वारंवार कानी पडतो. असे विचारणाऱ्या पालकांनी एका गरीब, मुस्लिमबहुल देशाचा शैक्षणिक इतिहास अवश्य ध्यानात घ्यावा.

१९७१ साली बांगलादेश स्वतंत्र झाला, तेव्हा युद्धाने देश उद्ध्वस्त झाला होता. चार माणसांत जेमतेम एकाला लिहिता-वाचता येत होते. तिजोरी रिकामी असूनही १९७३ साली सरकारने सुमारे ३६ हजार प्राथमिक शाळा ताब्यात घेऊन शिक्षकांच्या पगाराची हमी घेतली. तरीही गोरगरिबांच्या मुली मोठ्या संख्येने शाळेबाहेरच राहिल्या. केवळ शिक्षकांच्या पगाराने वर्ग भरत नाहीत, हा या इतिहासाचा पहिला धडा होय.

१९८५ साली 'ब्रॅक' या संस्थेने २२ एकखोली शाळा काढल्या. एका वर्गात सुमारे तीस मुले, त्यांत बहुसंख्य मुली. शिकवायला गावातलीच बाई. शाळेची वेळ गावकऱ्यांच्या सोयीने ठरलेली. शाळा घराजवळ आणि बाई ओळखीची, त्यामुळे आईबापांची भीती गेली. पुढे अशा हजारो शाळा निघाल्या.

१९९० साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणारा कायदा झाला आणि १९९४ साली देशभर ग्रामीण मुलींसाठी माध्यमिक शिष्यवृत्ती सुरू झाली. फी माफ, शिवाय सहावीला दरमहा २५ टका, नववी-दहावीला ६०. रक्कम लहानच, पण ती मुलीच्या नावे बँकेत जमा होई. अटी तीन होत्या : ७५ टक्के हजेरी, ४५ टक्के गुण आणि तोवर लग्न नाही. काही वर्षांतच माध्यमिक शाळांत मुलींची संख्या मुलांपेक्षा अधिक झाली.

अर्थात सर्व प्रश्न सुटले असे नाही. आजही तेथे निम्म्याच्या आसपास मुलींची लग्ने अठराच्या आत होतात. प्राथमिक शिक्षण पुरे केलेल्या अनेक मुलांना धड वाचता येत नाही. हजेरीबरोबर अध्यापनही सुधारावे लागते, ही जबाबदारी आम्हा शिक्षकांची आहे.

पालकहो, इल्म मिळवणे मुलगा-मुलगी दोघांवर फर्ज आहे, हे आपण जाणताच. त्या तीन अटी पाळायला सरकारी हुकूम कशाला हवा? रोज शाळा, घरी अभ्यास आणि शिक्षण पुरे होईतो लग्नाचा विषय नाही, एवढे आपल्या घरात आपणच ठरवू या.