व्होल्टेज वाढवून वेग वाढत नाही

इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या मुलांना मी एक साधा प्रयोग करायला लावतो. डिजिटल चिपचा आउटपुट 'हाय' करून मोजायचा. समजा ३.३ व्होल्ट आले. मग त्या पिनेपासून ग्राउंडपर्यंत १०० ओहमचा रेझिस्टर जोडायचा. व्होल्टेज २.२ वर उतरले, तर चिपच्या आतला रोध सुमारे ५० ओहम. हाच तिच्या ताकदीचा अंदाज. पुढे १०० पिकोफॅरड धारिता असेल, तर रोध गुणिले धारिता गुणिले २.२, म्हणजे सिग्नल १० टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर चढायला सुमारे ११ नॅनोसेकंद. या गुणाकारात व्होल्टेज येतच नाही. मुलांना हे चटकन पटत नाही. एकेकाळी जाणत्यांनाही पटले नव्हते.

१८५४ मध्ये विल्यम थॉमसन (पुढे लॉर्ड केल्विन) यांनी समुद्राखालच्या तारेचे गणित मांडले. मध्ये तांबे, भोवती गटापर्चाचे आवरण, बाहेर खारे पाणी. म्हणजे ही तार एक लांबलचक कपॅसिटरच. लांबी दुप्पट केली की रोधही दुप्पट आणि धारिताही दुप्पट. सिग्नल चढायला चौपट वेळ. उपाय एकच: तांबे जाड, आवरणही जाड.

अटलांटिक कंपनीचे विद्युततज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस पेशाने सर्जन होते. त्यांना हा नियम मान्य नव्हता. ५ ऑगस्ट १८५८ रोजी तार जोडली गेली. व्हिक्टोरिया राणीचा शंभरेक शब्दांचा संदेश जायला सुमारे १६ तास लागले. सिग्नल नीट मिळेनात, तेव्हा व्हाइटहाउस यांनी मोठ्या इंडक्शन कॉइल लावून सुमारे २००० व्होल्टचा मारा केला. तार आधीच सदोष होती. या माऱ्याने आवरण आणखी खचले. सप्टेंबरच्या सुरुवातीला ती जवळजवळ मुकी झाली.

पण त्याआधी तिने एक काम केले. हिंदुस्थानातल्या उठावामुळे कॅनडातल्या ब्रिटिश पलटणींना परत बोलावले होते. आता गरज नाही, तिथेच थांबा, असा हुकूम ३१ ऑगस्टला तारेने गेला आणि सुमारे ५० हजार पौंड वाचले. पुढे ऑक्टोबरात बहादूरशाह जफर यांना दिल्लीहून हद्दपार करून नेण्यात आले.

आपल्या बैठकांत १८५७ च्या पराभवाची कारणे निघाली की फितुरी आणि तोफा यांवर बोलणे थांबते. मला ही तार आठवते. जोर तर व्हाइटहाउस यांनीही लावला होता, आणि त्यांच्याच हातून तार गेली. नंतर इंग्रजांनी चौकशी समिती नेमली, साक्षी घेतल्या, १८६१ मध्ये अहवाल छापला. आपल्या चुकीचा हिशेब असा उघड मांडणे सोपे नसते. १८६६ च्या तारेत दर सागरी मैलाला १०७ ऐवजी ३०० पौंड तांबे होते. त्याच वर्षी लॅटिमर क्लार्क यांनी शिवणकामाच्या अंगुस्तान्यात आम्ल आणि जस्ताचा तुकडा घालून बॅटरी केली, आणि तेवढ्यावर अटलांटिकच्या दोन्ही तारांतून सिग्नल पाठवून परत मिळवला. टिपायला थॉमसन यांचा आरशाचा गॅल्व्हनोमीटर होता.

१८७० मध्ये तार मुंबईला पोहोचली. तिच्यावरून राज्य करणारे परके होते. तिच्यातले गणित मात्र कुणाच्या मालकीचे नव्हते. म्हणून मुलांना सांगतो, सिग्नल मंद असेल तर बटण पिळू नका. आधी रोध मोजा.