एक्सबीआरएलची परिभाषा: टॅक्सॉनॉमी, कॉन्टेक्स्ट, डेसिमल्स म्हणजे नेमकं काय?

शेलू स्टेशनच्या इंडिकेटरवर नुसतं ‘७.४०’ दिसलं तर कोणती गाडी पकडायची? सीएसएमटीची की कर्जतची, स्लो की फास्ट, रविवारी धावते की नाही, हे कळल्याशिवाय तो आकडा बिनकामाचा. ताळेबंदातल्या आकड्यांचंही तसंच आहे. माणूस मथळा, रकाना, तळटीप बघून अर्थ लावतो; सॉफ्टवेअरला पीडीएफमध्ये फक्त अक्षरं दिसतात. प्रत्येक आकड्याला त्याची ओळख चिकटवून द्यायची पद्धत म्हणजे एक्सबीआरएल, म्हणजेच एक्स्टेन्सिबल बिझनेस रिपोर्टिंग लँग्वेज. चार्ल्स हॉफमन या अमेरिकन लेखापालाने १९९८ मध्ये या कामाला सुरुवात केली. पाया एक्सएमएलचा आहे.

आपल्याकडे कंपनी व्यवहार मंत्रालयाने आर्थिक वर्ष २०१०-११ च्या हिशेबांपासून ठरावीक कंपन्यांना हे सक्तीचं केलं. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या व त्यांच्या भारतातल्या उपकंपन्या, ५ कोटी किंवा जास्त भरणा भांडवलाच्या, १०० कोटी किंवा जास्त उलाढालीच्या, आणि इंड-एएस लागू असलेल्या कंपन्या यात येतात. बँका, विमा कंपन्या आणि एनबीएफसी यातून वगळलेल्या आहेत. फॉर्मचं नाव एओसी-४ एक्सबीआरएल. सीए किंवा सीएसच्या ऑफिसात काम करणाऱ्यांना सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हे शब्द रोज ऐकू येतात, म्हणून इथे एकेक करून बघू.

टॅक्सॉनॉमी आणि इन्स्टन्स

टॅक्सॉनॉमी हा शब्दकोश, इन्स्टन्स ही तो शब्दकोश वापरून लिहिलेली चिठ्ठी. टॅक्सॉनॉमीत एकही आकडा नसतो. ‘कामकाजातून उत्पन्न’, ‘व्यापारी देणी’ अशा संज्ञा असतात. त्यांना कन्सेप्ट किंवा एलिमेंट म्हणतात. त्या शब्दकोशाच्या आधाराने एका कंपनीचा एका वर्षाचा हिशेब ज्या फाइलमध्ये भरतो, ती इन्स्टन्स. त्यातली प्रत्येक नोंद म्हणजे फॅक्ट.

अमेरिकेत कंपन्यांना स्वतःच्या संज्ञा जोडता येतात, त्याला एक्स्टेन्शन म्हणतात. आपल्या मंत्रालयाच्या टॅक्सॉनॉमीत ती मुभा नाही. तुमचं खातं यादीत नसेल तर जवळच्या संज्ञेत बसवायचं आणि खुलासा मजकुरात द्यायचा. मला हे पटतं. प्रत्येकाने आपापले शब्द आणले तर दोन कंपन्यांची तुलना करणार कशी?

लिंकबेस

संज्ञांमधली नाती सांगणाऱ्या याद्या. प्रेझेंटेशन (कोणाखाली काय दिसेल), कॅल्क्युलेशन (कशाची बेरीज-वजाबाकी करून काय येतं), डेफिनिशन, लेबल आणि रेफरन्स (कायद्यातलं किंवा मानकातलं कलम) असे पाच प्रकार. लेबल म्हणजे संज्ञेचं माणसाला दिसणारं नाव. ते मराठीतही देता येतं, यंत्राला काही फरक पडत नाही.

कॉन्टेक्स्ट

हा आकडा कोणाचा आणि कधीचा? ‘कोणाचा’ याचं उत्तर सीआयएन, म्हणजे कंपनीचा २१ अक्षर-अंकांचा क्रमांक. ‘कधीचा’ दोन तऱ्हेचा असतो. सोसायटीच्या टाकीत आज सकाळी किती पाणी होतं हा इन्स्टंट, आणि महिन्याभरात किती टँकर आले हा ड्युरेशन. (उन्हाळ्यात आमच्याकडे हे उदाहरण कोणाला समजावावं लागत नाही.) ताळेबंद इन्स्टंट, म्हणजे ३१ मार्चचा. नफा-तोटा पत्रक ड्युरेशन, १ एप्रिल ते ३१ मार्च. मागच्या वर्षाच्या रकान्याला वेगळा कॉन्टेक्स्ट लागतो.

एकाच संज्ञेचे आणखी तुकडे करायचे असतील, उदा. विभागवार विक्री, तर डायमेन्शन लागतं. त्यात ॲक्सिस म्हणजे विभागणी कशावरून केली ते, आणि मेंबर म्हणजे त्यातला एकेक विभाग.

युनिट आणि डेसिमल्स

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. युनिट सोपं आहे: रुपयासाठी आयएनआर. डेसिमल्स मात्र फसवं. डेसिमल्स -५ म्हणजे आकडा लाखापर्यंत अचूक आहे, -७ म्हणजे कोटीपर्यंत. ‘आकडा लाखात लिहिला आहे’ असा त्याचा अर्थ अजिबात नाही. आकडा कायम पूर्ण रुपयांतच लिहायचा.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एक्सेलवरून इन्स्टन्स तयार करणारा प्रोग्रॅम लिहिला होता. एका कंपनीचे तक्ते लाखांत होते, उलाढाल ४,५१२. मी फॅक्टमध्ये ४५१२ तसेच टाकले आणि डेसिमल्स -५ दिलं. बेरजांच्या तपासणीत एकही चूक दिसली नाही. मी खूश. संध्याकाळी लोकलमध्ये असताना त्यांच्या कंपनी सेक्रेटरी मॅडमचा फोन आला, “अहो, आमची वर्षाची विक्री साडेचार हजार रुपये?”

तपासणीत चूक का सापडली नाही, हे नंतर कळलं. कॅल्क्युलेशन तपासताना आकडे आधी डेसिमल्सप्रमाणे पूर्णांकित केले जातात. ४५१२ रुपये लाखापर्यंत पूर्णांकित केले की शून्य. त्यातले घटकही शून्य. शून्य अधिक शून्य बरोबर शून्य, हिशेब चोख! बरोबर फॅक्ट होता ४५१२००००० आणि डेसिमल्स -५. फाइल दाखल व्हायच्या आत चूक सापडली म्हणून निभावलं. दाखल झालेले हिशेब फी भरून कोणालाही बघता येतात, कर्ज देणारी बँकही ते बघते. म्हणून व्हॅलिडेशन पास झालं तरी दोन-तीन मोठे आकडे छापील ताळेबंदाशी डोळ्यांनी ताडून बघाच.

बॅलन्स टाइप

संज्ञा नावेची की जमेची, हे टॅक्सॉनॉमीतच ठरलेलं असतं. त्यामुळे खर्च धन आकड्यातच लिहायचा. छापील तक्त्यात कंस आहे म्हणून उणे चिन्ह टाकलं तर बेरजेत खर्च वजा होण्याऐवजी मिळवला जातो आणि नफा फुगतो.

इनलाइन एक्सबीआरएल

यात माणसाने वाचायचं पान आणि यंत्राने वाचायची फाइल एकच असते. वेब पानातल्या आकड्यांनाच खुणा लावलेल्या असतात. ब्रिटनमध्ये कंपन्यांच्या करविवरणपत्रांसाठी २०११ पासून हे सक्तीचं आहे. इथे स्केल नावाचा वेगळा गुणधर्म आहे: पानावर ४,५१२ दिसू द्यायचं आणि स्केल ५ द्यायचं, म्हणजे यंत्र त्याला एक लाखाने गुणतं. माझ्या प्रोग्रॅमला हवं होतं ते हेच, पण साध्या इन्स्टन्समध्ये स्केल नसतंच. आणि १२,३४,५६७ असे आपल्या पद्धतीचे स्वल्पविराम ओळखायचा नियमही इनलाइनच्या रूपांतर-यादीत आहे, त्यामुळे पानावरचे आकडे परदेशी पद्धतीने मांडायची गरज नाही.